सतरा तासांची मुदत

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावहून सडकेने नागपूर गाठायचं तर देवरी, साकोली, लाखनी, भंडारा मागे टाकत पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास जावं लागतं. एसटीतून उतरेपर्यंत कंबर धरलेली असते. आयर्नमॅन या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या शर्यतीत साधारण एवढंच अंतर, म्हणजे १८० किलोमीटर, सायकलने कापायचं असतं. तेही ३.८ किलोमीटर पोहून आल्यावर. पन्नास मीटरच्या तरणतलावात मोजलं तर हे पोहणं ७६ लांब्यांचं होतं. सायकल जागेवर लावली की बूट घालून ४२.२ किलोमीटर धावायचं. आमगावहून पायी गोंदियाला जायचं आणि जवळजवळ घरापर्यंत परत यायचं, असा त्याचा हिशेब. हे सगळं एकाच दिवसात, एकामागून एक, बहुतेक ठिकाणी १७ तासांच्या आत.

ऐकणारा म्हणतो, हे आपल्यासारख्याचं काम नव्हे. पण मुदतीचे आकडे जरा नीट पाहावेत. पोहण्यासाठी २ तास २० मिनिटं मिळतात, म्हणजे शंभर मीटरला साडेतीन मिनिटांहूनही थोडी जास्त. शिकलेला माणूस निवांत पोहत गेला तरी या वेळात बसतो. पोहणं आणि सायकल मिळून सुरुवातीपासून साडेदहा तासांत संपवायचं असतं. पोहण्याची मुदत पूर्ण वापरली तरी सायकलला आठ तासांहून जास्त उरतात आणि ताशी २२ किलोमीटरचा वेग पुरतो. धावायला साडेसहा तास राहतात. ताशी साडेसहा किलोमीटर हा तर झपाझप चालण्याचा वेग झाला. सुटं सुटं घेतलं तर यात अचाट असं काही नाही. अवघड आहे ती बेरीज.

ही बेरीज बिघडते कुठे, याचं उत्तर दंड-मांड्यांपेक्षा पोटात, घामात आणि माणसाच्या घाईत जास्त सापडतं. हौशी स्पर्धक हळू गेल्यामुळे क्वचितच बाद होतो. सकाळी अंगात बळ असताना तो गरजेपेक्षा जोरात जातो आणि संध्याकाळी त्याची किंमत मोजतो. या प्रकरणात पुढे जे सांगायचं आहे ते याच एका गोष्टीभोवती फिरणारं आहे.

आधी ही अंतरं आली कुठून ते पाहू, कारण ती कुणा शास्त्रज्ञाने विचार करून ठरवलेली नाहीत. १९७७ साली हवाईतल्या ओआहू बेटावर एका रिले शर्यतीच्या बक्षीस समारंभात वाद रंगला की पोहणारा जास्त तंदुरुस्त की धावणारा. अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स तिथे होते. सायकलपटूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता या दोघांहून जास्त असते असं आपण वाचल्याचं त्यांनी सांगितलं, आणि वाद मिटवायचा तर बेटावरच्या तीन शर्यती सलग जोडून पाहू, असं सुचवलं. वायकिकीच्या समुद्रातलं पोहणं होतं, बेटाला वळसा घालणारी सायकल शर्यत होती आणि होनोलुलूची मॅरेथॉन होती. सायकल शर्यत मुळात दोन दिवसांची. तिची सुरुवात पोहणं संपतं तिथे आणि शेवट मॅरेथॉन सुरू होते तिथे आणण्यासाठी तीन मैल छाटले आणि ११२ मैल उरले. आज जगभर लोक जे १८० किलोमीटर सायकल चालवतात ते एका बेटाच्या रस्त्यांची लांबी तेवढी होती म्हणून. कॉलिन्स आणि त्यांची पत्नी जूडी यांनी १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पहिली शर्यत भरवली. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारजवळचं पाणी मॅरेथॉनमध्ये संपलं, तेव्हा त्याच्या सोबत्यांनी त्याला बिअर पाजली. हा किस्सा गंमत म्हणून सांगितला जातो, पण या शर्यतीत प्यायचं काय हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता, हे त्यातून दिसतं. स्वतः कॉलिन्स यांना सुमारे १७ तास लागले.

हा खेळ हौशी लोकांनी हौसेने काढला आणि आजही तो त्यांच्याच जिवावर चालतो. शर्यतीत नाव नोंदवणाऱ्यांत व्यावसायिक खेळाडू मूठभर असतात. बाकीचे पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत विभागलेले डॉक्टर, अभियंते, बँकवाले, शिक्षक, पोलीस. हवाईतल्या जागतिक स्पर्धेत जर्मनीच्या पॅट्रिक लांगे याने २०२४ साली ७ तास ३५ मिनिटं ५३ सेकंदांचा विक्रम केला. त्याच वाटेवर, त्याच दिवशी, पन्नाशीचा कुणी हौशी माणूस १६ तासांनी रात्रीच्या अंधारात शेवटची कमान ओलांडतो आणि त्यालाही तेच पदक मिळतं. क्रिकेटमध्ये हौशी फलंदाजाला वानखेडेच्या खेळपट्टीवर सामन्यात उभं राहता येत नाही. इथे पैसे भरले आणि पात्रता असली की विश्वविजेत्याच्या मागून त्याच समुद्रात उतरता येतं.

मराठी वाचकाला या शर्यतीची ओळख झाली ती मुख्यतः मॉडेल-अभिनेते मिलिंद सोमण यांच्यामुळे. जुलै २०१५ मध्ये त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या झुरिकची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. पन्नाशी पूर्ण व्हायला तेव्हा काही महिने बाकी होते. बातम्यांत त्यांचं वय आणि त्यांचा चेहरा गाजला, पण ते तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत त्यांनी फ्लोरिडातली अल्ट्रामॅन केली. ती तीन दिवस चालते आणि त्यात १० किलोमीटर पोहणं, ४२० किलोमीटरच्या वर सायकल आणि ८४ किलोमीटर धावणं असतं. त्या शर्यतीत त्यांच्यासोबत पुण्याचे कौस्तुभ राडकर होते. अनेक आयर्नमॅन पूर्ण केलेले आणि आता इतरांना शिकवणारे राडकरही मुळात जलतरणपटूच. त्याआधी, २००९ साली, दक्षिणेतल्या अनु वैद्यनाथन यांनी कॅनडातली अल्ट्रामॅन पूर्ण केली होती. तेव्हा आपल्याकडे या खेळाचं नावही फार थोड्यांना माहीत होतं.

महाराष्ट्राच्या पोलीस दलातल्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनीही फ्रान्समधल्या व्हिशी इथे ही शर्यत पूर्ण केली: कृष्ण प्रकाश यांनी २०१७ मध्ये १४ तास ८ मिनिटांत आणि तेव्हा नाशिकचे पोलीस आयुक्त असलेले रवींद्र सिंगल यांनी २०१८ मध्ये. विदर्भातल्या माणसाला त्याहून जवळचं उदाहरण हवं असेल तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ आहेत. २०१७ साली त्यांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने आणि पहिल्याच प्रयत्नात बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. ती ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी तिहेरी शर्यत, नव्हे. पण दिवसचे दिवस शरीर चालतं ठेवायचं तर खाणं, झोप आणि वेग यांचा मेळ कसा घालावा लागतो, हे शिकायला विदर्भात दुसरीकडे कुठे पाहायची गरज नाही.

आता पाण्यात उतरू. शर्यतीतला सर्वांत छोटा टप्पा पोहण्याचा. एकूण वेळेच्या जेमतेम सातवा-आठवा हिस्सा. भीती मात्र सगळी तिथेच एकवटलेली असते आणि ती अनाठायी नाही. १९८५ ते २०१६ या काळात अमेरिकेतल्या ट्रायथलॉन शर्यतींत झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना अभ्यासकांनी गोळा केल्या. अशा १३५ घटनांपैकी ९० पोहताना घडल्या होत्या. बळी पडलेल्यांत पुरुष फार मोठ्या संख्येने होते आणि सरासरी वय ४७ होतं. धोक्याचं एकूण प्रमाण एक लाख स्पर्धकांमागे दोनाहून कमी, म्हणजे लहानच. तरी चाळिशी ओलांडलेल्या, वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेल्या आणि अचानक उत्साहात आलेल्या माणसाने हा आकडा वाचलाच पाहिजे.

पाण्यात असं काय होतं? शेकडो माणसं एकाच दिशेने निघतात. कुणाचा हात पाठीवर पडतो, कुणाची लाथ चष्म्याला लागते. तळ दिसत नाही, काठ धरायला नाही. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, आणि उथळ श्वासाने पोहणारा माणूस आणखी घाबरतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं. त्यामुळे घाईघाईने मारलेले हात वेग फारसा वाढवत नाहीत, दम मात्र काढतात. तलावात तळाशी आखलेली रेघ बघून पोहायची सवय असलेला माणूस समुद्रात तिरका जातो आणि ३.८ चे सव्वाचार किलोमीटर करून येतो. म्हणून दर काही हातांनंतर मान किंचित वर काढून पुढचा तरंगता फुगा बघायचा, हे वेगळं शिकावं लागतं. हल्ली बहुतेक शर्यतींत सगळ्यांना एकदम न सोडता थोड्या थोड्या अंतराने पाण्यात सोडतात, त्याने रेटारेटी बरीच कमी झाली आहे. कोणत्या पद्धतीने पोहायचं यावर बंधन नाही. ब्रेस्टस्ट्रोकने पोहत गेलं तरी चालतं. दम लागला तर बचावासाठी असलेल्या होडीला धरून थांबताही येतं, फक्त होडीने पुढे नेता कामा नये.

थंड देशांत स्पर्धक रबरी पोशाख घालून उतरतात. तो ऊब देतो आणि शरीर वर तोलूनही धरतो, त्यामुळे कच्च्या पोहणाऱ्याला त्याचा मोठा आधार वाटतो. पण पाणी २४.५ अंशांपेक्षा गरम असेल तर वयोगटातल्या स्पर्धकांना तो घालून बक्षिसासाठी उतरता येत नाही. गोव्याच्या समुद्रात हा आधार मिळणार नाही हे धरूनच चालावं. तिथे जो तरंगतो तो स्वतःच्या कौशल्यावर.

भारतातली पहिली आयर्नमॅन शर्यत २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाली. ती पूर्ण अंतराची नव्हे, निम्म्या अंतराची होती: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. मैलांत बेरीज ७०.३ होते, म्हणून नावापुढे तो आकडा लागतो. मणिपूरचा बिश्वरजीत सिंग साइखोम पहिला आला, पावणेपाच तासांच्या आत. तिथली मुदत साडेआठ तासांची. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी बंगळुरूचे खासदार तेजस्वी सूर्या यांनी ती ८ तास २७ मिनिटं ३२ सेकंदांत पूर्ण केली. बातम्यांत पूर्ण केल्याचं कौतुक झालं. मला त्यातली अडीच मिनिटं जास्त बोलकी वाटतात. वाटेत एकदा जास्त वेळ थांबलं, एक चाक पंक्चर झालं, की अडीच मिनिटं कुठल्या कुठे जातात. हौशी माणसाचा प्रतिस्पर्धी असा घड्याळात बसलेला असतो. (निम्मी शर्यत केलेल्यालाही आपली वर्तमानपत्रं सरसकट आयर्नमॅन म्हणतात. निम्मी शर्यतही कमी नाही, पण निम्म्याला निम्मंच म्हणावं.)

पाण्यातून वर आलं की सायकल. इथे शरीराचा खरा हिशेब सुरू होतो, म्हणून थोडं थांबून तो समजून घेऊ. पूर्ण शर्यतीत मध्यम बांध्याचा माणूस ८ ते १० हजार किलोकॅलरी खर्च करतो. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात, सगळी मिळून दोन हजार किलोकॅलरींच्या आसपास असते. अंगावरची चरबी मात्र सडपातळ माणसाकडेही पन्नास हजारांच्या पुढे ऊर्जा धरून असते. ग्लायकोजेन ही खिशातली रोकड आणि चरबी ही शेतजमीन. जमिनीची किंमत मोठी, पण बाजारात उभं राहून ती पटकन मोडता येत नाही. माणूस बेताच्या वेगाने चालला की शरीर चरबी जास्त वापरतं. तो वेग वाढवून धापा टाकू लागला की चरबीतून ऊर्जा तेवढ्या लवकर निघत नाही आणि रोकड झपाट्याने संपते. हळू जाणं हा इथे भित्रेपणा नाही, तो रसायनशास्त्राचा नियम आहे.

त्यात हवेचा अडथळा. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या आसपास सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग एक दशांशाने वाढवायचा तर हवेपुरती ताकद एक तृतीयांशाने जास्त लावावी लागते. थोड्या मिनिटांसाठी एवढी किंमत मोजायची का, हा निर्णय सायकलवर दर चढावर आणि प्रत्येक वेळी कुणीतरी बाजूने पुढे गेल्यावर घ्यावा लागतो. पुढे जाणाऱ्याला जाऊ देणं ज्याला जमतं तो संध्याकाळी धावतो, बाकीचे चालतात. दुसऱ्याच्या आडोशाला राहून हवा चुकवायची सोय नाही. दोन सायकलींत १२ मीटर अंतर ठेवावं लागतं आणि नियम मोडला तर दंड म्हणून तंबूत थांबावं लागतं.

सायकलवरच जेवून घ्यायचं असतं, कारण धावताना पोट फारसं काही घेत नाही. कामाला लागलेले स्नायू रक्त ओढून घेतात आणि आतड्यांच्या वाट्याला कमी येतं. सरावाने माणूस तासाला ६० ते ९० ग्रॅम पिष्ट-शर्करा पचवू शकतो. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकत्र घेतले तर वरची मर्यादा गाठता येते, कारण दोघं आतड्यातल्या वेगवेगळ्या वाटांनी आत शिरतात. दुकानात मिळणाऱ्या चिकट पाकिटांत हेच असतं. केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेला बटाटा मीठ लावून, यांनीही काम भागतं. गोंदियाच्या माणसाला भातापासून तोडायचं काही कारण नाही. मात्र शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही खाऊ नये. पोटालाही सराव लागतो, आणि तो महिनोन्महिने, चालत्या सायकलवर द्यावा लागतो.

सायकलवरून उतरल्यावर पहिल्या दोन किलोमीटरचा अनुभव ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळत नाही. पाय आपले वाटतच नाहीत. कित्येक तास एकाच चालीत गोल फिरलेल्या स्नायूंना अचानक शरीराचं वजन उचलून आपटायचं असतं. म्हणून सरावात लांब सायकलिंगनंतर लगेच बूट घालून थोडं धावून बघतात. थोड्या वेळाने पाय मोकळे होतात. पुढे पंचविसाव्या-तिसाव्या किलोमीटरपासून वेगळंच दुखणं सुरू होतं. रोकड संपत आलेली, पोट नाराज, आणि डोकं सारखं बसायला सांगतंय.

रोकड पूर्ण संपली की काय होतं ते जगाने १९८२ च्या फेब्रुवारीत टीव्हीवर पाहिलं. जूली मॉस ही २३ वर्षांची विद्यार्थिनी आपल्या प्रबंधासाठी अभ्यास म्हणून हवाईच्या शर्यतीत उतरली होती. पहिलीच शर्यत, आणि मॅरेथॉनमध्ये ती महिलांत सर्वांत पुढे. शेवटची रेघ दिसू लागली असताना तिचे पाय दुमडले. ती पडली, उठली, पुन्हा पडली. कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून जिंकली. मॉस शेवटचे काही मीटर रांगत गेली आणि २९ सेकंदांनी दुसरी आली. त्या चित्रणामुळे शर्यतीची कीर्ती जगभर पसरली आणि हजारो लोक नाव नोंदवायला लागले. मला त्या घटनेचं कौतुक अर्धंच वाटतं. तिची जिद्द खरी, यात शंका नाही. पण रांगत येणं हा आदर्श म्हणून मिरवला गेला आणि नीट खाऊन, आवरून धावत आलेल्या शेकडो बायकांचं चित्रण कुणी काढलं नाही.

घामाची गोष्ट वेगळी. स्नायू इंधनातल्या ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा कामात लावतात, उरलेली उष्णता होते. ती बाहेर टाकायला घाम वाळावा लागतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता टपटप गळला तर जवळजवळ काहीच नेत नाही. आमगावचा मे महिना पारा चढवतो, पण हवा कोरडी असते आणि घाम वाळतो. पणजीचा ऑक्टोबर अंशांत सौम्य, पण हवा इतकी दमट की घाम अंगावरून ओघळत राहतो. आपल्याकडे उन्हाची सवय आहे, अशा भरवशावर गोव्याला गेलेला विदर्भीय तिथे फसू शकतो. दमट उकाड्यात दहा-चौदा दिवस सराव केला तर रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत याची सोय फुकट आहे: जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस उघडल्यावर भाताच्या बांध्यांतल्या पाण्याची वाफ उठते त्या वेळी धावायचं.

आणि पाणी किती प्यायचं? जास्तीत जास्त, असं बहुतेक जण सांगतील. ते धोक्याचं आहे. १९९७ साली न्यूझीलंडच्या आयर्नमॅनमध्ये शर्यत पूर्ण केलेल्या ३३० जणांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांतल्या १८ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम कमी झालेलं आढळलं. बऱ्याच जणांना काही जाणवतही नव्हतं. याचं मुख्य कारण गरजेपेक्षा जास्त पिणं. रक्त पातळ होतं, मळमळ, डोकेदुखी, गोंधळ होतो, आणि मेंदूला सूज आली तर जीव जाऊ शकतो. गंमत अशी की ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात आणि सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात. तहानेने प्यावं आणि लांब शर्यतीत मीठ पोटात जात राहील असं बघावं. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करून पाहिलं की आपला घाम किती जातो ते कळतं. परतल्यावर वजन वाढलेलं असेल तर आपण नक्कीच जास्त प्यालो.

पूर्ण अंतराच्या तयारीला आठवड्याला दहा ते पंधरा तास, असे कित्येक महिने द्यावे लागतात. नोकरी आणि संसार असलेल्या माणसाने ते कुणाच्या तरी वाट्याचे काढून घेतलेले असतात. त्याच्या पदकाच्या फोटोत ज्यांनी रविवारी घर सांभाळलं ते नसतात. पैशाचं म्हणाल तर महागड्या कार्बनच्या सायकलीवाचून अडत नाही. साधी, अंगाला बसणारी रेसिंग सायकल चालते. प्रवेश शुल्क, प्रवास, राहणं हे मात्र खरोखरच खिशाला चिमटा काढणारं आहे.

म्हणून आमगाव-सालेकसा भागातल्या वाचकाला एक सुचवतो. पोलीस भरतीच्या १,६०० मीटरसाठी पहाटे सडकेने धावणारी पोरं इथे गावोगाव आहेत. ढिवर समाजातली, लहानपणापासून पाण्यात वाढलेली मुलंही आहेत. रोज सायकलने शाळा-कॉलेज गाठणाऱ्या मुली आहेत. गोव्याच्या निम्म्या शर्यतीत तिघांचा रिले गट उतरवता येतो: एकाने पोहायचं, एकाने सायकल, एकाने धावायचं. तिघांत खर्चही वाटला जातो. शिक्षकांनी, तालुक्याच्या क्रीडा मंडळांनी असा एक गट बांधून बघावा.

एकट्याने सगळं करायचं असेल तर आधी पोहणं शिका, तेही शिकवणाऱ्याकडून. धावणं आणि सायकल आपल्याला येतंच, पोहण्यात मात्र बहुतेकांचा अंदाज चुकतो. नवेगावबांधचा तलाव असो की गावाची बोडी, एकट्याने उतरू नका. तळाचा गाळ, वेली आणि मासेमारीची जाळी चांगल्या पोहणाऱ्यालाही अडकवतात, आणि कालव्याच्या धारेत तर सरावाला उतरूच नका. चाळिशी ओलांडली असेल तर अर्ज भरण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्या. पहिली शर्यत छोटी घ्या: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. नियमित सराव असलेला माणूस ती दोन तासांच्या आत संपवतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो.